टीव्हीवरचं अंतराळ आणि धाब्यावरचं आकाश

शहाद्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. मुलगा आठवीत आहे. शाळेतून आला की टीव्हीवर अंतराळाचे कार्यक्रम लावतो आणि रात्री तेच मोबाइलवर. कृष्णविवर, परग्रहवासी, पृथ्वीवर आदळणारे लघुग्रह, सगळं त्याला तोंडपाठ आहे. ताई विचारतात: यातलं खरं किती? बघू द्यावं की बंद करावं? आणि तो दुर्बीण मागतोय, ती घ्यावी का?

चौतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गावोगाव दुर्बीण घेऊन फिरलो. त्या अनुभवावरून सांगतो.

ताई, बंद करू नका. आठवड्यातून एखादा कार्यक्रम त्याच्या शेजारी बसून बघा. आकाशाची ओढ लागलेलं मूल घरात असणं ही भाग्याची गोष्ट आहे. फक्त एक शब्द त्याच्या हातात द्या. तो मला साक्री तालुक्यातल्या एका आजीबाईंनी शिकवला. दुर्बिणीतून चंद्र पाहिल्यावर सगळे ‘वा, वा’ करत होते. आजीबाईंनी डोळा बाजूला केला आणि मला अहिराणीत विचारलं, “कितला दूर शे?” म्हणजे किती दूर आहे? मी आकडा सांगितला, तर म्हणाल्या, “म्हंजे कितला?” तेव्हापासून टीव्हीवरचा कोणताही अंतराळाचा कार्यक्रम मी याच प्रश्नानं तपासतो. कितला दूर, कितला मोठा, कितला वेळ. चांगल्या कार्यक्रमात याचं उत्तर मिळतं. वाईट कार्यक्रमात फक्त संगीत मोठं होतं.

आता खरं किती ते सांगतो. नावाजलेल्या वाहिन्यांवरच्या चांगल्या माहितीपटांतली माहिती बहुतेक बरोबर असते. चित्रं मात्र बरीचशी संगणकावर तयार केलेली असतात आणि मुलं नेमकी चित्रंच लक्षात ठेवतात.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ सांगतो. एका शाळेच्या सभागृहात आम्ही पडदा लावून चंद्रयान-३ चं उतरणं बघत होतो. दोनशेच्या वर मुलं, दारात पालक. पावणेसहाच्या सुमाराला उतरण सुरू झाली. पडद्यावर विक्रम लँडर आडवा तरंगत होता, खाली खड्ड्याखड्ड्यांची जमीन सरकत होती. सातवीतल्या एका मुलीनं मागून विचारलं, “सर, हे चित्र कोण काढतंय? लँडरच्या बाहेर कोण आहे?” त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच होता. बाहेर कोणी नव्हतं. लँडरकडून येणाऱ्या आकड्यांवरून संगणक ते चित्र हलवत होता. उतरताना लँडरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं खरं चित्रण इस्रोनं नंतर दाखवलं. थेट प्रक्षेपणात खरे होते ते आकडे: उंची, आडवा वेग, उभा वेग. मी मुलांना म्हटलं, चित्र सोडा, आकडे बघा. साधारण ३० किलोमीटर उंचीवर सेकंदाला १.६८ किलोमीटर आडवा वेग होता. म्हणजे जळगावहून भुसावळ पंधरा-सोळा सेकंदांत. त्यातला बराचसा वेग पहिल्या ६९० सेकंदांत मोडून काढायचा होता. चार मुलांनी दर अर्ध्या मिनिटाला उंची वहीत लिहिली आणि दुसऱ्या दिवशी आलेखाच्या कागदावर काढली. ६ वाजून ४ मिनिटांनी यान टेकलं तेव्हा सभागृहात जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. पण तो आलेख काढणाऱ्या चौघांना काय घडलं ते इतरांपेक्षा जास्त कळलं. त्यांना २०१९ च्या सप्टेंबरमधली चंद्रयान-२ ची ती रात्रही मग समजली, जेव्हा पडद्यावरचा ठिपका आखलेल्या रेषेपासून बाजूला सरकला होता आणि थोड्याच वेळात संपर्क तुटला होता.

तुमच्या मुलाला प्रत्येक दृश्याला हेच विचारायला लावा: हे चित्र कोणी काढलं, कुठं उभं राहून? आकाशगंगेचं बाहेरून घेतलेलं चित्र दाखवतात. ते कुणी काढलेलं असणं शक्यच नाही, आपण तिच्या आतच आहोत. तो अभ्यासावरून केलेला नकाशा आहे. तो खोटा नाही, पण फोटोही नाही. हा फरक आठवीच्या मुलाला नक्की समजतो.

रंगांचंही तसंच आहे. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला सुटली आणि जुलै २०२२ मध्ये तिची पहिली चित्रं आली. ती मुख्यतः अवरक्त किरणांत बघते आणि ते किरण आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा असे रंग नेमून चित्र तयार करतात. एप्रिल २०१९ मध्ये एम-८७ दीर्घिकेतल्या, म्हणजे आपल्यापलीकडच्या एका आकाशगंगेतल्या, कृष्णविवराचं चित्र जाहीर झालं. तेही जगभरच्या आठ रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी जुळवून केलेलं होतं आणि त्यातला केशरी रंग निवडलेला होता. रंग देण्यात फसवणूक नाही, त्यातून वायू आणि तापमान ओळखता येतं. पण हे आधी सांगितलं नाही तर मुलाचं मन मोडतं. तोरणमाळला एका हिवाळी रात्री मी मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवत होतो. कडाक्याची थंडी, आकाश इतकं काळं की मृगातला बाण हातानं उचलून घ्यावा. नंदुरबारचा एक मुलगा दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, हा तर राखाडी आहे.” टीव्हीवर त्यानं तो गुलाबी-जांभळा पाहिला होता. अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, आणि हा राखाडी उजेड तेराशे वर्षांहून जास्त प्रवास करून थेट तुझ्या डोळ्यात आलाय, मध्ये कुठला पडदा नाही, असं सांगितल्यावर तो परत रांगेत जाऊन उभा राहिला. तीन वेळा.

शनीच्या बाबतीत उलटं होतं. शनी लहान दुर्बिणीतूनही कड्यासकट दिसतो आणि माणसं खरंच किंचाळतात. पण टीव्हीवरची कडी नेहमी रुंद उघडलेली असतात. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि साधारण दर पंधरा वर्षांनी कड्यांची धार आपल्याकडे येते. २०२५ मध्ये तसंच झालं होतं, तेव्हा कडी बारीक रेघेसारखी दिसायची. आता ती वर्षागणिक उघडत जातील. मुलानं दर हिवाळ्यात एक चित्र काढून ठेवलं तर ही दूरदर्शनवर न मिळणारी मालिका त्याची स्वतःची होईल.

सगळ्यात मोठा घोटाळा अंतराचा. तीस सेकंदांच्या दृश्यात आठही ग्रह ओळीनं दाखवायचे म्हटलं की ते शेजारी शेजारी येतात. त्यावरचा उपाय तुमच्या घरात आहे. हरभऱ्याचा एक टपोरा दाणा घ्या, आठ मिलिमीटरचा. ही पृथ्वी. चंद्र म्हणजे मोहरीचा दाणा, हरभऱ्यापासून एक वीत लांब, बरोबर चोवीस सेंटिमीटर. हे पाहून मोठी माणसंही चकित होतात, कारण चित्रांत चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो. या मापात सूर्य सत्त्याऐंशी सेंटिमीटरचा, लग्नाच्या स्वयंपाकातल्या मोठ्या परातीएवढा, आणि हरभऱ्यापासून चौऱ्याण्णव मीटर दूर.

रावेर तालुक्यात एका शेतकरीदादांच्या केळीच्या बागेत आम्ही हे केलं. बाग पाच बाय पाच फुटांवर लावलेली. परात बांधावर उभी केली आणि मुलं खोडं मोजत निघाली. बासष्टाव्या खोडाशी हरभरा ठेवला. तिथून वळून पाहिलं तर परात पानांआड गेली होती, म्हणून एकाला ती डोक्यावर धरून बांधावर चढवलं. मंगळ ज्वारीचा दाणा. गुरू म्हणजे मोठी मोसंबी, ती सूर्यापासून जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर, बाग संपून रस्त्यापलीकडे. नेपच्यूनचं लिंबू पावणेतीन किलोमीटरवर ठेवायचं होतं, ते एकजण सायकलवरून शेजारच्या गावात देऊन आला. मग मी विचारलं, सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा या मापात कुठं? कुणी भुसावळ म्हणालं, कुणी मुंबई. उत्तर आहे सुमारे पंचवीस हजार किलोमीटर, म्हणजे खऱ्या पृथ्वीला अर्ध्याहून जास्त वेढा घालावा लागेल. त्यानंतर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. अवकाश रिकामं आहे हे त्या मुलांना पायांनी कळलं. लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान दगड चुकवत चाललंय हे दृश्य त्यांना नंतर कोणी खरं म्हणून दाखवू शकलं नाही. त्या पट्ट्यातल्या मोठ्या दगडांमध्ये सरासरी लाखो किलोमीटरची जागा असते.

जुने कार्यक्रम चांगले होते का, असंही बरेचजण विचारतात. काही फार चांगले होते. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला मी शाळकरी पोर होतो. शहरांत लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शननं दुपारी चित्रपट दाखवला होता. आमच्या गावात टीव्हीच नव्हता, आजीनं दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आम्ही अंधारात बसलो. पुढं त्याच दशकात दूरदर्शनवर खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची ‘कॉसमॉस’ ही मालिका लागली. धुळ्यात ओळखीच्यांकडे मी ती बघायला जायचो. एकजण गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि खालून आम्ही “आलं, आलं, थांब” ओरडायचो. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. पण सेगननं विश्वाचं सगळं आयुष्य एका वर्षाच्या कॅलेंडरमध्ये बसवून दाखवलं ते आजतागायत डोक्यातून गेलेलं नाही. महास्फोट १ जानेवारीला, आणि आपण ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या टोकावर. आजच्या हिशेबानं विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं धरलं तर त्या कॅलेंडरमधला एक सेकंद म्हणजे सव्वाचारशेहून थोडी जास्त वर्षं. आपले भास्कराचार्य त्यात बाराला दोन सेकंद कमी असताना ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहितात. असं माप देणारा कार्यक्रम चाळीस वर्षांनीही जुना होत नाही. मग भौतिकशास्त्रज्ञ यशपाल सरांचा ‘टर्निंग पॉइंट’ आला, जयंत नारळीकरांचं ‘ब्रह्मांड’ आलं. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. शब्द न फुगवता अवघड गोष्ट सांगायची कशी, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

२४ ऑक्टोबर १९९५ तर मी विसरूच शकत नाही. दिवाळीचे दिवस, सकाळची वेळ. खग्रास पट्टा राजस्थानपासून बंगालपर्यंत गेला होता, आपल्याकडे ग्रहण खंडग्रास होतं. दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण आणि यशपाल सर समजावून सांगत होते. झाकलेल्या सूर्याच्या कडेला हिऱ्याची अंगठी दिसली तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा आनंदानं भरून आला होता. माझ्या घरी पंचवीस-तीस पोरं जमली होती. पाच मिनिटं टीव्हीसमोर, पाच मिनिटं अंगणात ग्रहणाचे चष्मे लावून, पुन्हा आत. ज्या आजीनं १९८० मध्ये दारं लावली होती, तीही त्या दिवशी अंगणात आली आणि तिनं चष्मा मागून घेतला.

आता टाळायचं काय. प्राचीन मंदिरं परग्रहवासीयांनी बांधली, असं सांगणारे कार्यक्रम तर मुळीच नकोत. ते बघून मूल आपल्या पूर्वजांच्या कष्टाला आणि हिशेबाला कमी लेखायला शिकतं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीला मुलाला घेऊन जा. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे, आठशे वर्षांहून जुनी. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात वेधाची यंत्रं सांगितली आहेत, साधा उभा शंकूही, म्हणजे सावली मोजायची काठीही, त्यात आहे, आणि सगळ्या यंत्रांत बुद्धीच्या यंत्राला, धीयंत्राला, त्यांनी वरचढ म्हटलं आहे. हे आपल्या खान्देशातलं आहे. याच्यावर एक नीट मालिका निघावी, आणि तिचा एखादा भाग अहिराणीत असावा, अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे.

दुसरं, ‘पृथ्वीवर संकट’ म्हणणाऱ्या बातम्या. अशी बातमी लागली की मुलाला पुन्हा तोच प्रश्न विचारायला सांगा, कितला दूर? चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. दगड त्याच्या दहापट लांबून जाणार असेल तर ती आनंदानं निरीक्षण करायची घटना आहे. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. ज्या उपग्रहावरून तुमच्या घरच्या डिशला चित्र येतं तो जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असतो, म्हणजे अपोफिस त्याच्याही आतून जाईल. हरभऱ्याच्या मापात दोन सेंटिमीटर. तो आदळणार नाही, हे मोजून झालेलं आहे. त्या दिवशी वाहिन्या काय काय बोलतील याची मला आत्ताच काळजी वाटते. तुमचा मुलगा तेव्हा मोठा झालेला असेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना धीर त्यानं द्यावा.

असाच धीर मला २ एप्रिल २०२२ ला द्यावा लागला. गुढीपाडवा होता, पुरणपोळीचं जेवण दुपारी झालेलं. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला फोन वाजायला लागला तो रात्रीपर्यंत थांबला नाही. आकाशातून जळते गोळे ओळीनं गेले होते, खान्देश-विदर्भातून हजारोंनी पाहिले. बातम्यांत कुणी उल्का म्हणत होतं, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. मी प्रत्येकाला एकच विचारत होतो, किती वेळ दिसलं? सगळे म्हणाले, चांगलं अंगणातून आत जाऊन माणसं बोलावून आणण्याइतका वेळ. तिथंच उत्तर होतं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते आणि एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा सांगाडा सेकंदाला पावणेआठ-आठ किलोमीटरनं येतो, जवळजवळ आडवा, आणि त्याचे तुकडे एकामागे एक चालतात. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचं मोठं कडं सापडलं, आणि तो चिनी रॉकेटचा भाग असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं.

भाषेबद्दल थोडं. हिंदीत रूपांतर केलेल्या कार्यक्रमांत ‘अरब’ म्हणजे आपला अब्ज, हे मुलाला सांगून ठेवा. आणि प्रकाशवर्ष हे अंतर आहे, वेळ नव्हे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. चांगली शिकलेली मुलंही ‘चार प्रकाशवर्षांनी पोहोचू’ म्हणतात. यानांचा स्फोट अवकाशात धडाम वाजतो, तेही सोडून द्यायला सांगा. तिथं आवाज वाहून न्यायला हवाच नाही.

आकाश कुठून पाहतोय, हे मात्र नीट लक्षात घ्या. बीबीसीवर ‘द स्काय ॲट नाइट’ हा कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे, पॅट्रिक मूर यांनी तो पन्नासहून जास्त वर्षं सांभाळला. फार गुणी कार्यक्रम, पण त्यातलं आकाश ब्रिटनचं. लंडनला ध्रुवतारा क्षितिजापासून साडेएक्कावन्न अंशांवर, आपल्याकडे फक्त एकवीस. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश. उत्तरेकडे सातपुड्याच्या बाजूला दोन मुठी मोजल्या की ध्रुव सापडतो. जो अगस्त्याचा तारा ब्रिटनमधून कधीच दिसत नाही, तो आपण हिवाळ्यात दक्षिणेला झगझगीत पाहतो. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिण क्षितिजाशी त्रिशंकू हा तारकासमूहही दिसतो. आपल्या वाट्याला आलेलं आकाश श्रीमंत आहे, ताई, आणि उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरूण टाकणाऱ्या माणसाला ते फुकट मिळतं. तुमच्या सासूबाईंना किंवा आईंना विचारा, सप्तर्षींच्या खाटल्याची आणि तीन चोरांची गोष्ट त्यांना येत असेल. कार्यक्रम संपला की अर्धा तास त्यांच्याजवळ झोपून आकाश बघणं हा निम्मा अभ्यास झाला.

दुर्बीण आत्ता घेऊ नका. खेळण्याच्या दुकानातली, ‘पाचशे पट’ लिहिलेली तर अजिबात नको; तिचा पाय हलतो आणि आठ दिवसांत ती माळ्यावर जाते. आधी सहा महिने नुसत्या डोळ्यांनी. बारा नक्षत्रं नकाशाशिवाय ओळखता आली की १०×५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) चांगली द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. भिंतीला टेकून हात स्थिर धरला तर तीतून गुरूचे चार चंद्र दिसतात, कृत्तिकांचा पुंजका तर डोळ्यांत मावत नाही. ती सूर्याकडे कधीही, एक क्षणही धरायची नाही. हे त्याच्याकडून वदवून घ्या.

आणि सुरुवात रात्रीची वाट न बघता दुपारी करा. शहाद्याला २८-२९ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी सव्वाबाराच्या थोडं आधी सपाट जागी एक नळी किंवा पाण्याची बाटली उभी करा, ओळंब्यानं तपासून. मुलाला सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपायला सांगा. सावली आखडत आखडत बाटलीच्या बुडाखाली जाईल. दिल्लीला हे कधीच होत नाही, लंडनला तर नाहीच. टोपी घाला, पाणी प्यायला द्या, आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. सावली नाहीशी झाली ती नेमकी वेळ त्याच्या अक्षरात लिहून मला पाठवा. मी त्याच दिवशी जळगावची सावली सगळ्यात आखूड होते ती वेळ टिपून ठेवतो. दोन्ही आकडे हाती आले की शहादा आणि जळगाव पूर्व-पश्चिम एकमेकांपासून कितले दूर, ते तो स्वतः काढेल.